महानदीच्या रेतीतून कांगेरच्या दरीत

रायपूर ते जैसलमेर हे अंतर सरळ रेषेतही हजार किलोमीटरहून जास्त भरतं. तरीही वाळूच्या टेकड्यांवरून चालायचं आणि खडकाळ दऱ्या पालथ्या घालायच्या, असा बेत रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या काही मित्रमैत्रिणींनी हिवाळ्यात आखला होता. तो बदलला गटातल्या एका निवृत्त भूवैज्ञानिकांनी. त्यांचं उभं आयुष्य बलौदा बाजारकडच्या चुनखडीच्या खाणींत गेलं. त्यांचा मुद्दा साधा होता: रेती आणि दरीच बघायची ना, मग पश्चिमेला कशाला, दक्षिणेला चला. राजस्थानातली वाळू वाऱ्याने रचली, छत्तीसगडातली पाण्याने. जगदलपूरच्या वाटेवर तीनेकशे किलोमीटरांच्या टापूत नदीची वाळू, नदीने कापलेली दरी आणि पाण्याने पोखरलेल्या गुहा असं सगळंच सापडतं. फेब्रुवारी महिनाही या कामाला सोयीचा. नद्या उतरलेल्या, पात्रं उघडी, गुहांमधलं पाणी ओसरलेलं आणि उन्हाचा कडाका अजून लांब.

मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपूरवर चालून आले आणि कलचुरींची कित्येक शतकांची राजवट मोडली. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातच राहून कारभार पाहिला. १८१८ मध्ये अ‍ॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. राज्य गेलं, माणसं राहिली. रायपुरात तात्यापाऱ्यात मराठी घरं वाढली, १९३५ मध्ये महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच शहरात १९२६ मध्ये वारले. आजच्या पिढीच्या मराठीत ‘मतलब’ आणि ‘वैसे तर’ बिनदिक्कत येतात. नागपूरचा पाहुणा ते ऐकून हसतो, रायपूरकरांना त्याचं काही वाटत नाही.

शहर सोडण्याआधी भूवैज्ञानिकांनी मंडळींना पायाखाली पाहायला लावलं. रायपूरच्या जुन्या घरांच्या अंगणांत आणि तलावांच्या घाटांवर जी फरशी दिसते, ती आणि सिमेंटच्या भट्ट्यांत जाणारी चुनखडी एकाच प्राचीन खोऱ्यातली. शंभर कोटी वर्षांपूर्वी या सपाटीवर उथळ समुद्र होता. तेव्हा जमिनीवर गवताचं पातं नव्हतं की पाण्यात मासा नव्हता. सूक्ष्म जीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत गेला, त्यांचे एकात एक गुंफलेले गोल आजही इथल्या चुनखडीत दिसतात. भूशास्त्रात त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. अशाच समुद्राच्या गाळाचं दुसरं, लहान खोरं जगदलपूरभोवती आहे. एका समुद्रतळावरून निघून दुसऱ्यावर पोचायचं, असा हा प्रवास.

पहिला मुक्काम राजिम, रायपूरपासून पंचेचाळीस किलोमीटर. इथे महानदीला पैरी आणि सोंढूर येऊन मिळतात, म्हणून याला छत्तीसगडचा प्रयाग म्हणतात. पावसाळ्यात हा संगम दोन्ही काठ भरून वाहतो. फेब्रुवारीत मात्र दूरवर पिवळसर पांढरी रेती, तिच्यातून वाट काढणाऱ्या दोन-तीन उथळ धारा आणि मधोमध उंच दगडी चौथऱ्यावर उभं असलेलं कुलेश्वराचं देऊळ एवढंच उरतं. वनवासात असताना सीतेने नदीच्या वाळूचं शिवलिंग करून पूजलं, ते हे, अशी कथा आहे. कथेपेक्षा थक्क करतो तो चौथरा. नदीच्या ऐन पात्रात, दर वर्षी पुराचा लोंढा अंगावर घेत तो शतकानुशतकं टिकला आहे. त्याच्या पायऱ्या चढून वर गेलं की पूर केवढा चढत असेल याचा अंदाज येतो.

काठावर राजीवलोचनाचं विष्णुमंदिर आहे. तिथल्या भिंतीवरच्या शिलालेखांपैकी एक नलवंशी विलासतुंगाचा, आठव्या शतकातला. दुसरा जगपालाचा, ११४५ सालचा. पण गावातल्या माणसांना राजांपेक्षा राजिम नावाची तेलीण जवळची. देवाची मूर्ती तिच्याकडे होती आणि गावाला नाव तिच्यावरून पडलं, असं सांगतात. साहू समाज ७ जानेवारीला तिची जयंती मोठ्या प्रमाणावर साजरी करतो. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत इथली जत्रा भरते ती रेतीतच. तात्पुरते रस्ते, तंबू, आकाशपाळणे, साधूंचे आखाडे, ठेठरी-खुरमीची दुकानं असं एक शहर नदीत उभं राहतं. सरकार बदललं की जत्रेची पाटीही बदलते: २००५ पासून ‘राजिम कुंभ’, २०१९ मध्ये ‘माघी पुन्नी मेला’, २०२४ मध्ये ‘राजिम कुंभ कल्प’. लोक मात्र पूर्वीपासून पुन्नीलाच येतात.

मंडळींनी जत्रेच्या गर्दीला बगल देऊन नदीच्या वरच्या अंगाला चालायला सुरुवात केली. कोरड्या रेतीत पाऊल घोट्यापर्यंत रुततं आणि दोन पावलं पुढे टाकली तर एक मागे सरकतं. ओल्या रेतीवर चालणं सोपं, पण ओली रेती कुठे संपून दलदल कुठे सुरू होते ते फक्त कोळ्यांना कळतं. इथल्या भाषेत कोळी म्हणजे केवट. त्यातल्याच एकाने मंडळींना वाट दाखवली. भूवैज्ञानिकांनी मूठभर रेती भिंगाखाली धरली. वाळवंटातले कण वाऱ्यावर उडत, एकमेकांवर आपटत गोल गुळगुळीत होतात, त्यामुळे ते सिमेंटमध्ये एकमेकांना नीट धरत नाहीत. नदीतले कण कोनदार असतात, म्हणून काँक्रीटला नदीचीच रेती लागते. ही गोष्ट साऱ्या जगाला लागू होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग दर वर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरतं. राजिमच्या पुलावरून रेती भरलेले हायवा ट्रक एकापाठोपाठ एक रायपूरकडे जाताना दिसले. पावसाळ्यात उपसा बंद ठेवण्याचा नियम आहे. बाकीच्या दिवसांत पात्र किती खोल जातंय हे पुलाचे खांब पाहूनच समजतं.

राजिमहून धमतरीकडे वळलं की रेती मागे पडते आणि कालवे सोबत येतात. महानदी उगम पावते ती याच जिल्ह्यातल्या सिहावाच्या डोंगरात. तिथून साडेआठशे किलोमीटर वाहत ती ओडिशाच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुद्रीजवळ तिचं पाणी अडवलं. १९२३ मध्ये माडमसिल्लीचं धरण पुरं झालं. त्याच्या सांडव्याला दरवाजे नाहीत, वक्रनलिका आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की नळ्या आपोआप पाणी ओढू लागतात, माणसाने हात लावावा लागत नाही. शंभर वर्षांनंतरही ही व्यवस्था पाहायला अभियंते येतात.

पण याच कालव्यांनी १९२० मध्ये कंडेल गावाला सत्याग्रह शिकवला. गावकऱ्यांनी कालव्याचं पाणी चोरल्याचा ठपका ठेवून सरकारने गावावर दंड बसवला आणि वसुलीसाठी गुरं जप्त केली. गुरांचा लिलाव पुकारला, तर बाजारोबाजार बोली लावायला कोणी पुढे येईना. या लढ्याचे पुढारी होते राजिमजवळच्या चमसूरचे पंडित सुंदरलाल शर्मा, धमतरीचे नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव. शर्मांच्या बोलावण्यावरून गांधीजी त्या डिसेंबरात रायपूर-धमतरीला आले, त्याआधीच सरकारने दंड मागे घेतला होता. मेघावाल्यांचं मराठी नाव ऐकून गटातल्या ग्रंथालयवाल्या काकू थबकल्या. ‘आमच्या मंडळातल्या कपाटात यांच्यावर एकही पुस्तक नाही,’ त्या म्हणाल्या. आणि लगेच वहीत नोंद केली.

गंगरेलचं मोठं धरण १९७९ चं. भिलाईच्या पोलाद कारखान्यालाही याचं पाणी जातं. बुडितात गेलेल्या गावांची अंगारमोती देवी आता धरणाच्या काठावर आहे आणि दिवाळीनंतर तिची मडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा विस्थापितांची तिसरी पिढी तिथे गोळा होते.

कांकेरच्या अलीकडे समुद्रतळाचे थर संपतात आणि ग्रॅनाइट वर येतो. गढिया पहाडाच्या प्रचंड शिळा सुमारे २५० कोटी वर्षं जुन्या. रायपूरची चुनखडी या पाषाणापुढे काल-परवाची. गावातून दूध नदी वाहते, ती महानदीला मिळते. तिथून पुढे केशकालचा घाट लागतो. त्याला बारा वळणं आहेत, ट्रक त्यांत दम खात चढतात आणि चालक मधल्या तेलीन सतीच्या देवळापाशी हात जोडतात. घाटमाथ्यावर आलं की दोन गोष्टी बदलतात. सालाचं जंगल दाट होतं, आणि पाण्याची दिशा फिरते. खालचं पाणी महानदीचं, वरचं पाणी नारंगी-इंद्रावतीतून गोदावरीचं. नाशिकला जिचा उगम आहे त्या नदीच्या खोऱ्यात आपण छत्तीसगडात येऊन पोचलो, हे ऐकून मंडळींनी गाडी थांबवून फोटो काढले. तिथे पाहण्यासारखं खरं तर काही नव्हतं.

केशकालच्या माथ्यावरची भंगाराम देवी मात्र थांबायलाच लावते. भाद्रपदात तिच्या अंगणात देवांचा न्यायनिवाडा होतो. परिसरातल्या गावांतून डोल्या आणि देवतांची चिन्हं घेऊन लोक येतात. नवस पाळला नाही, रोगराई आवरली नाही, पीक वाचवलं नाही अशा तक्रारी देवांवर मांडल्या जातात. भंगाराम न्यायाधीश. दोषी ठरलेल्या देवाला शिक्षा होते, काहींना देवळामागच्या जागेत डांबलं जातं, तर सुधारल्याची खात्री पटली की सोडूनही दिलं जातं. याच ठिकाणी एका खान डॉक्टरचीही पूजा होते. नागपूरहून आलेल्या या डॉक्टरने देवी आणि पटकीच्या साथीत लोकांना वाचवलं, म्हणून तो देवांत बसला, असं पुजारी सांगतात. ‘देवाला जाब विचारता येतो, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं,’ गटातला एक जण म्हणाला. त्यावर पुजाऱ्याने शांतपणे सांगितलं की जाब विचारायचा तर आधी वर्षभर देवाची नीट सेवा केलेली असावी लागते.

कोंडागाव हे घडव्यांचं, म्हणजे पितळ ओतणाऱ्या कारागिरांचं गाव. पितळेच्या ओतकामाची इथली पद्धत हजारो वर्षं जुनी आहे आणि जयदेव बघेल यांच्यासारख्या कारागिरांनी ती देशाबाहेर नेली. मंडळी ज्या अंगणात बसली होती, तिथे एक बाई मेणाचे धागे करत होत्या. मधमाश्यांचं मेण उन्हात मऊ करून लाकडी साच्यातून दाबलं की त्याच्या शेवया निघतात. भाताचं तूस मिसळलेल्या मातीच्या गाभ्यावर त्या एकेक करून गुंडाळायच्या, त्यातच डोळे, दागिने, बैलाची शिंगं वळायची. मग सगळ्यावर आधी बारीक आणि मग जाड मातीचा थर. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत पितळ शिरतं. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणून एकसारख्या दोन मूर्ती कधीच होत नाहीत. अंगठ्याच्या नखाने त्या बाई मेणाचा धागा तोडत होत्या, इतक्या झरझर की त्यांच्या हाताकडे पाहताना बोलणं थांबलं. मेणाचा भाव चढला की मूर्तीचा भावही चढतो, गिऱ्हाइकाला ते पटत नाही, एवढीच त्यांची तक्रार.

जगदलपूरला पोचेपर्यंत कानावर हलबी पडू लागली होती. ओडिया, छत्तीसगडी आणि मराठी यांचं मिश्रण असलेली ही बोली बस्तरात वेगवेगळ्या जमातींना एकमेकांशी बोलायला उपयोगी पडते. १७७८ मध्ये बस्तरचा राजा दर्यावदेव याने नागपूरकरांचं वर्चस्व मान्य केलं, पण मराठीचा या बोलीतला वावर त्या तहापेक्षा जुन्या शेजाराचा आहे. दसऱ्याचं इथलं रूप तर अगदीच वेगळं. पंचाहत्तर दिवस चालणाऱ्या या उत्सवात राम नाही, रावण नाही. दंतेश्वरी देवीसाठी दर वर्षी सालाच्या लाकडाचा नवा रथ बांधतात आणि कोणत्या गावाने लाकूड आणायचं, कोणी रथ घडवायचा, कोणी ओढायचा हे सगळं वाटून दिलेलं असतं. फेब्रुवारीत रथाचा सांगाडा उघड्यावर उभा होता. बाजारात लाल मुंग्यांची चापडा चटणी पानाच्या द्रोणात मिळाली. आंबटाला जी धार लिंबाने येत नाही, ती मुंग्यांनी येते. जवळच चिंचेच्या पोत्यांची थप्पी. जगदलपूरची चिंच देशाच्या चारही कोपऱ्यांत जाते, तिच्या मोठ्या बाजारांत या गावाचं नाव आहे.

इथून खरी पायपीट सुरू झाली. चित्रकोट जगदलपूरपासून चाळीस किलोमीटरच्या आत. इंद्रावती इथे सुमारे २९ मीटर खाली उडी घेते. पावसाळ्यात धबधब्याचा पसारा तीनशे मीटरपर्यंत रुंदावतो आणि पाणी मातकट लाल होतं. फेब्रुवारीत मात्र नालाकृती कड्याच्या थोड्याच भागातून धारा पडत होत्या, बाकीचा कडा कोरडा. याला ‘भारताचा नायगारा’ म्हणायची पद्धत आहे. नायगारा जवळपास दुप्पट उंच आहे, तेव्हा तुलना उंचीची नको. दोन्ही ठिकाणी धबधबा आपल्याच काठाचा खडक झिजवत मागे सरकतो आणि सरकताना पुढे दरी सोडत जातो, एवढं साम्य पुरेसं. चित्रकोटच्या खाली जी खोल घळ दिसते, ती म्हणजे धबधब्याने मागे टाकलेला रस्ता.

कोरड्या पडलेल्या कड्याच्या वरच्या खडकावर भूवैज्ञानिक गुडघे टेकून बसले आणि सगळ्यांना बोलावलं. दगडावर समांतर लाटा होत्या. बोटभर अंतराने चढ, उतार, चढ, उतार. हात फिरवला की तळव्याला जाणवणाऱ्या. ‘आलात ना वाळूच्या टेकड्या बघायला, मग या बघा,’ ते म्हणाले. हा खडक वालुकाश्म. शंभर कोटी वर्षांहून आधी उथळ समुद्राच्या तळाला पाण्याने वाळूवर उमटवलेल्या लाटा तशाच दगड झाल्या. कड्याच्या उभ्या छेदात तिरके थर दिसत होते, ते वाहत्या पाण्याने पुढे ढकललेल्या वाळूच्या ढिगांचे. भूवैज्ञानिकांनी इथल्या थरांना नावंही याच जागांची दिली आहेत: तीरथगड, चित्रकोट, कांगेर, जगदलपूर. आदल्या दिवसांत राजिमला मुठीत धरलेली रेती आणि पायाखालचा हा दगड यांत फरक फक्त काळाचा.

धारा एवढ्या रोडावल्या कशा, याचं उत्तर पावसाळा सरला एवढंच नाही. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीतून येते. छत्तीसगडात शिरण्याआधी तिचं बरंच पाणी जोरा नाल्यात वळतं आणि तिथून शबरी नदीत जातं. दोन राज्यांत यावर वर्षानुवर्षं वाटाघाटी चालल्या आहेत. उन्हाळ्यात चित्रकोटला पर्यटक येतात आणि धबधब्याच्या जागी ओला कडा पाहून परततात, तेव्हा नावाडी आणि काठावरचे भाजीवाले सगळ्यात आधी त्याची झळ सोसतात. पुढे हीच इंद्रावती महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याला खेटून वाहते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरला गोदावरीत मिसळते. म्हणजे जोरा नाल्याचा प्रश्न सिरोंच्याच्या शेतकऱ्यांचाही आहे, पण मराठी वर्तमानपत्रांत तो सहसा दिसत नाही.

घळीत उतरायची वाट ओबडधोबड आहे. खाली नदीने गोटे आणि रेती आणून टाकली आहे आणि तिथून कडा वर पाहिला की थरांची संख्या मोजता येत नाही. स्थानिक नावाड्याने डोंगी पाण्यात ढकलली, ती तुषारांच्या जवळ नेली आणि पुरात पाणी कुठवर येतं ते कड्यावरची काळी रेघ दाखवून सांगितलं. ती रेघ त्याच्या डोक्यावर बरीच उंच होती. वाटेत लागणारा मेंद्री घुमर हा दुसरा धबधबा फेब्रुवारीत जवळपास कोरडाच होता. त्याच्या कड्यावरून खालचं जंगल पाहताना मंडळींना पहिल्यांदा पूर्ण दरीचा अंदाज आला, कारण चित्रकोटला डोळे पाण्यावरून हलत नाहीत.

जगदलपूरच्या दक्षिणेला कांगेर घाटी. १९८२ मध्ये सुमारे २०० चौरस किलोमीटरचं हे जंगल राष्ट्रीय उद्यान झालं आणि मार्च २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या प्राथमिक यादीत त्याचं नाव आलं. साल, सागवान आणि बांबू इथे एकत्र येतात. माणसाच्या बोलण्याची नक्कल करणारी पहाडी मैना, छत्तीसगडचा राज्यपक्षी, याच भागातली. पूर्वी पिंजऱ्यात ठेवण्यासाठी तिची पिल्लं पकडली जायची. आता आसपासच्या गावांतली तरुण मुलं ‘मैना मित्र’ म्हणून तिच्या ढोल्यांवर लक्ष ठेवतात. तीरथगडचा धबधबा मुनगाबहार नाल्याचा. सुमारे ९० मीटरची उंची तो एका दमात उतरत नाही, पायरीपायरीने उतरतो, म्हणून त्याच्या अंगावरून थेट तळाशी जाता येतं. पायऱ्या वालुकाश्म आणि शेलच्या थरांच्या. मऊ थर लवकर झिजला की कठीण थर बाहेर राहतो, त्याची पायरी होते.

कोटुमसर गुहेचं तोंड अगदी अरुंद. पन्नासच्या दशकात भूगोलाचे अभ्यासक शंकर तिवारी यांनी ती धुंडाळली, तेव्हा ते दोरीने आत उतरले असतील. आज लोखंडी जिना आहे, तोही एकावेळी एकालाच पुरेल असा. आत उतरताच उकाडा वाढतो, घाम सुकत नाही. वाटाड्याच्या दिव्यात लवणस्तंभ दिसतात, काही वरून खाली आलेले, काही खालून वर वाढलेले, काही मध्ये भेटून खांब झालेले. पावसाचं पाणी मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी विरघळवतं आणि गुहेत टपकताना तीच चुनखडी सोडून जातं. पावसाळ्यात गुहेत पूर येतो, म्हणून ती बंद ठेवतात. एका डबक्यात दिव्याच्या कडेने फिकट मासे सरकले. बाहेरच्या ओढ्यांत या माशाला नीट डोळे असतात, इथल्या अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून ते लहान झाले आणि अंगाचा रंगही उतरला. शास्त्रात या माशाची जात १८७२ मध्ये फ्रान्सिस डे यांनी नोंदवली ती पुण्याच्या परिसरातल्या नमुन्यांवरून. पुण्याच्या ओढ्यातला मासा बस्तरच्या गुहेत आंधळा होत चाललेला भेटेल, याची मंडळींना कल्पना नव्हती. भिंतीवर लांब मिशांचे रातकिडे होते. त्यांच्या एका जातीचं शास्त्रीय नाव आहे शंकरी.

पण सगळ्यात मोठी गोष्ट दिसत नाही, ती समजून घ्यावी लागते. याच उद्यानात दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभाचे पातळ थर शास्त्रज्ञांनी युरेनियम-थोरियम पद्धतीने कालानुसार लावले आणि प्रत्येक थरातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तेव्हा पाऊस किती होता याचा अंदाज बांधला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा पाऊसपाण्याचा आलेख आहे. त्यात चौदाव्या शतकापासून पावसाने पाठ फिरवल्याची दशकंच्या दशकं सापडतात. हाच काळ महाराष्ट्रातल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचा. १३९६ पासून बारा वर्षं तो चालला आणि गावंच्या गावं ओसाड पडली, असं जुनी गॅझेटियर सांगतात. बखरींत एका ओळीत उरकलेल्या त्या काळाची साक्ष एका दगडाने बस्तरच्या अंधारात जपून ठेवली होती. काकूंनी तिथेच, दिव्याच्या उजेडात, दुसरी नोंद केली.

गुहेतून बाहेर आल्यावर मंडिया पेज प्यायला मिळाली. नाचणीचं हे आंबवलेलं पातळ आंबील इथे पायी चालणाऱ्याचं खरं पेय. ते पोटात गेलं की तासभर तहान लागत नाही. आसपासची गावं धुरवा आदिवासींची. नेतानार हे गुंडाधूरचं गाव. १९०५ मध्ये इंग्रज सरकारने दोन तृतीयांश जंगल राखीव करायचं ठरवलं, फिरती शेती आणि शिकार बंद केली, तेव्हा आंब्याच्या डहाळ्या, मातीचं ढेकूळ, मिरच्या आणि बाण गावोगाव फिरले. १९१० मध्ये उठाव झाला, त्याला भूमकाल म्हणतात. त्या उठावाचा पुढारी गुंडाधूर इंग्रजांच्या हाती लागला नाही. याच जंगलांनी नंतर अनेक दशकं माओवादी हिंसा पाहिली. अलीकडे रस्ते आणि मोबाइलचे मनोरे आत पोचले, तसे बाहेरचे लोकही येऊ लागले.

धुडमारास हे त्यातलंच एक गाव. कांगेर नदी तिन्ही बाजूंनी गावाला वळसा घालते आणि पुढे शबरीला मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगभरातल्या वीस गावांना आपल्या विकास कार्यक्रमात घेतलं, त्यांत धुडमारास आहे. गावातली तरुण मुलं बांबूच्या तराफ्यावरून पाहुण्यांना नदी फिरवतात, घराघरांत राहण्याची सोय करतात. तराफा वल्हवणाऱ्या मुलाने भूवैज्ञानिकांना विचारलं, ‘साहेब, तुमच्या बलौदा बाजारला हाच दगड टनाने विकतात ना? आमच्याकडे तर डोंगरभर आहे.’ त्यांनी सांगितलं की राष्ट्रीय उद्यानात खाण काढता येत नाही, कायदाच आहे. त्याला ते ठाऊक होतं. ‘मग किती वर्षं चालते एक खाण?’ त्याने पुन्हा विचारलं. तीस, चाळीस, असं उत्तर आलं. मुलाने बांबू नदीच्या तळाला टेकवून तराफा वळवला. ‘एवढ्यात तर माझा मुलगा वल्हवायला लागेल,’ तो म्हणाला आणि पुढच्या फेरीचे पाहुणे काठावर येऊन थांबलेत का ते पाहू लागला.